नकारानंतरची भाकरी कुठून आली? जेम्स स्कॉट वाचताना पडलेला एक प्रश्न

‘दैनंदिन प्रतिकार’ हा शब्द सध्या सिनॉप्सिसमध्ये फार दिसतो. विषय ऊसतोड कामगारांचा असो, वसतिगृहातल्या मुलींचा असो, फेरीवाल्यांचा असो. तिसऱ्या-चौथ्या पानावर जेम्स सी. स्कॉट हजर होतात, त्यांच्या नावावर एक वाक्य पडतं आणि तिथून पुढे लोकांनी केलेली प्रत्येक बारीकसारीक गोष्ट प्रतिकार ठरते. उशिरा आली, प्रतिकार. गप्प बसली, प्रतिकार. हसली, तोही प्रतिकार. मग मुलाखतीत समोरचे सर किंवा मॅडम शांतपणे विचारतात, “ह्यात प्रतिकार कशावरून? आळस का नाही?” आणि उमेदवाराची गाडी तिथेच अडते.

प्रश्न खवचट वाटतो, पण रास्त आहे. त्याचं उत्तर स्कॉटच्या पुस्तकात आहे, अर्धं. उरलेलं अर्धं कुठे शोधायचं ह्याबद्दल माझं एक मत आहे. आजची पोस्ट त्या दोन्ही अर्ध्यांबद्दल. ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी आधी पुस्तक.

‘वेपन्स ऑफ द वीक’ १९८५ साली आलं. त्याआधी शेतकऱ्यांच्या राजकारणावर लिहायचं म्हणजे बंडांवर लिहायचं अशी रीत होती. आपल्याकडे रणजित गुहांचं शेतकरी उठावांवरचं मोठं पुस्तक १९८३ चं, म्हणजे दोनच वर्षं आधीचं. स्कॉटचं म्हणणं असं की बंड ही क्वचित घडणारी गोष्ट आहे. दोन बंडांच्या मधल्या पन्नास-शंभर वर्षांत गरीब माणूस काय करत असतो? तो मुकाट सोसत असतो असं आपण धरून चालतो, कारण सरकारी दप्तरात त्या काळाची नोंद नसते. बंड झालं की फाइल तयार होते. कुणी पोतंभर भात उचललं किंवा मालकाला ‘हो साहेब’ म्हणून काम तसंच ठेवलं, तर फाइल तयार होत नाही.

हे तपासायला स्कॉट मलेशियातल्या केदाह राज्यातल्या एका गावात राहिले. १९७८ ते १९८० च्या दरम्यान, एक वर्षाहून जास्त. गावाचं नाव त्यांनी ‘सेदाका’ असं ठेवलं. खरं नाव वेगळं. साधारण सत्तर घरांचं भातशेतीचं गाव. मुदा सिंचन प्रकल्पामुळे तिथे वर्षाला दोन पिकं निघू लागली आणि सुरुवातीला सगळ्यांचंच बरं झालं. मग कापणी-मळणीची मोठी यंत्रं आली. कापणी आणि मळणी हीच गरिबांची रोख मजुरी होती, ती गेली. मोठ्या शेतकऱ्याला आता गरीब शेजाऱ्याची गरज उरली नाही, आणि गरज नाही म्हटल्यावर सणाचं जेवण, जकातीचं धान्य, अडीनडीची उसनवारी हेही आटत गेलं.

ह्यावर गरिबांनी काय केलं, तर मोर्चा काढला नाही. मळणी करताना ओंब्यांवर थोडे दाणे मुद्दाम ठेवले, म्हणजे मागून सरवा वेचायला येणाऱ्या बायकापोरांना ते मिळावेत. शेतात रात्री राहिलेली पोती कमी व्हायला लागली. एखाद्या यंत्राच्या टाकीत वाळू गेली, एखाद्याची बॅटरी गायब झाली. श्रीमंत माणसाला मागे नावं ठेवली गेली, त्याच्या कंजूषपणाचे किस्से पिढ्यानपिढ्या पुरतील असे रचले गेले. समोर मात्र सगळे नमस्कार करत होते.

मराठीत ह्यासाठी शब्दांची कमी नाही. वेड पांघरून पेडगावला जाणं, कानावर हात ठेवणं, अंगचोरी. ह्यातला अंगचोरी हा शब्द जरा नीट बघा. कामात अंग राखून ठेवणं म्हणजे चोरी, असं तो शब्दच सांगतो. कुणाची चोरी? ज्याने मजुरी देऊन ते अंग विकत घेतलंय त्याची. म्हणजे हा शब्द मुकादमाच्या जागेवरून बोलतो. स्कॉटनी तीच कृती मजुराच्या जागेवरून पाहिली आणि तिला प्रतिकार म्हटलं. पुस्तकाचं मोठेपण मला इथे वाटतं. एकाच कृतीची दोन नावं असू शकतात आणि आपण कुठलं वापरतो त्यावरून आपण कुठे उभे आहोत ते कळतं, हे संशोधनाच्या पहिल्याच वर्षी शिकावं असं आहे.

पण मग सरांचा प्रश्न उरतोच. पोतं उचलणारा भुकेपोटी उचलतो की अन्यायाविरुद्ध? स्कॉट म्हणतात, हा भेदच खोटा आहे. गरिबाचं राजकारण पोटातूनच सुरू होतं. स्वार्थ आणि तत्त्व अशी दोन खाती तिथे वेगळी निघत नाहीत. मला हे पटतं. गिरणीच्या संपात बोनसची मागणी असते तेव्हा आपण तिला स्वार्थ म्हणून बाद करत नाही, मग पोत्याला का करायचं? आणि ते सरसकट सगळ्याला प्रतिकार म्हणतात असंही नाही. गरिबाने गरिबाच्या घरातून उचललं तर ते त्यांच्या हिशेबात बसत नाही. सिनॉप्सिसमध्ये स्कॉटना वापरताना ही अट बहुतेक जण गाळतात.

इथपर्यंत पुस्तकाच्या बाजूने. आता माझी अडचण.

सातव्या प्रकरणात एक प्रसंग आहे जो मला पुस्तकातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, पण उद्धृत होताना फार कमी दिसतो. सेदाकात भाताची लावणी बायकांचे गट करत. कापणीला यंत्र आणणाऱ्या शेतकऱ्यांच्या शेतात आम्ही लावणीला येणार नाही, असं काही गटांनी ठरवलं. उघडपणे, तोंडावर ‘येणार नाही’ असं नाही हं. कुणी म्हणालं दुसरीकडचं काम अजून व्हायचंय, कुणी म्हणालं अंग दुखतंय. रोपं तयार होती, दिवस सरत होते, शेतकरी अस्वस्थ झाले. मग त्यांनी बाहेरगावाहून मजूर आणायची भाषा सुरू केली आणि बायका लावणीला गेल्या. बहिष्कार संपला.

स्कॉट हा प्रसंग बारकाईने सांगतात आणि त्यातून सावध प्रतिकार कसा असतो ते दाखवतात: मागे फिरायची वाट उघडी ठेवून केलेला. बरोबर आहे. पण मी ते पान वाचताना वेगळ्याच ठिकाणी अडकते. त्या बायका किती दिवस थांबू शकल्या असत्या? घरात तांदूळ किती होता? दुकानदार उधार देत होता का? एखादीच्या घरी अगदीच काही नसेल तर बाकीच्या गटाने काही केलं का? बहिष्कार मोडला तो धमकीमुळे, हे खरं. पण धमकीला जोर आला कारण मजुरी बुडाली तर पुढे काय, ह्याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

स्कॉटना गरिबांमधला एकोपा दिसत नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. गावातले गरीब एकमेकांचं काम कमी मजुरीत पळवत नाहीत, ह्याची ते आवर्जून नोंद करतात. अशा प्रतिकाराला गावाचं मौन लागतं, हेही सांगतात. पण हा एकोपा बहुतांशी ‘न करण्याचा’ आहे. चुगली न करणं, काम न पळवणं. एकाने दुसऱ्यासाठी काय केलं, कुणी कुणाला शिजवून घातलं, कुणाची पोरं कुणी सांभाळली, हे पुस्तकात आहे पण विखुरलेलं, पार्श्वभूमीसारखं. मदत एका बाजूला, प्रतिकार दुसऱ्या. आपल्या सिनॉप्सिसमध्येही तेच होतं. ‘प्रतिकाराची रूपे’ हे एक प्रकरण, ‘परस्पर सहकार्य’ हे दुसरं, आणि दोघांची एकमेकांशी ओळख नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की छोट्या नकाराचा अर्थ लावायचा असेल तर नकाराच्या दुसऱ्या दिवशीची भाकरी कुठून आली हे विचारायला हवं. तो आळस होता की प्रतिकार, हे माणसाच्या मनात शिरून ठरवता येत नाही. पण त्याची किंमत किती होती आणि ती किंमत कुणाकुणात वाटली गेली, हे शोधता येतं.

हे नुसतं बोलण्यापेक्षा एक उदाहरण घेऊ. गिरणगावचं.

मुंबईच्या गिरण्यांत कोकणातून, साताऱ्यातून, घाटावरून आलेले पुरुष बहुतेक एकटे राहत. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे दहा-पंधरा जण. जेवायला खानावळ. खानावळ म्हणजे पाटी लावलेलं हॉटेल नव्हे. एखाद्या बाईच्या दहा बाय दहाच्या खोलीत दोन वेळची चूल. कामगार महिनाभर जेवणार आणि पगाराला पैसे देणार. तोपर्यंत बाईला धान्य, तेल, रॉकेल लागणारच. ते वाण्याकडून उधारीवर, आणि वाणी थांबला की सावकाराकडून व्याजाने. म्हणजे महिन्याच्या कुठल्याही दिवशी ती दोन बाजूंनी उधारीत असे. तिचं येणं कामगारांकडे, तिचं देणं वाण्याकडे.

संप झाला की पगार थांबतो. जेवण थांबत नाही. १९७० च्या दशकातल्या संपांमध्ये खानावळवाल्या बायकांनी पैसे नसताना कामगारांना जेवू घातलं, त्यासाठी भांडी आणि डाग गहाण टाकले, ही गोष्ट प्रेमा पुरव यांनी पुढे अनेकदा सांगितली. प्रेमाताई मूळच्या गोव्याच्या, कोवळ्या वयात गोवा मुक्तिसंग्रामात उतरलेल्या, नंतर मुंबईत कामगार चळवळीत. त्यांना दिसलं ते असं: संप कामगारांचा म्हणून नोंदला जातोय, युनियनचा म्हणून नोंदला जातोय, आणि ज्या बायकांच्या चुलीवर तो उभा आहे त्या कुठल्याच यादीत नाहीत. कामगार तरी कायद्याने कामगार होता. खानावळवाली कोण? घरात स्वयंपाक करणारी बाई.

१९७५ मध्ये त्यांनी अशा चौदा बायकांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. पहिलं काम काय, तर सावकाराचं व्याज तोडायचं. १९६९ मध्ये मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालेलं होतं, छोट्या धंद्याला कर्ज द्या असं बँकांना सांगितलं जात होतं. पण तारण काय ठेवणार? म्हणून बायकांचे गट झाले आणि त्या एकमेकींना हमी राहिल्या. आज बचत गटाबद्दल आपण हे इतक्यांदा ऐकतो की त्यातलं नवल गेलंय. त्या वेळी बँकेच्या काउंटरपुढे सही न येणारी खानावळवाली उभी राहणं हे साहेबाला नवीन होतं, तिलाही.

आता स्कॉटची चौकट इथे लावून बघा. प्रतिकार कुणी केला? गिरणीत न जाणाऱ्या कामगाराने, असं सहज उत्तर येतं. आणि बाईने काय केलं? ‘मदत’. पण ती रोजच्या रोज चपात्या लाटून मालकाच्या सर्वात खात्रीच्या हत्याराला बोथट करत होती, म्हणजे भुकेला. गिरणीमालकाला कामगार परत यायची वाट बघता येते, कारण भूक त्याच्या बाजूने काम करत असते. खानावळीची चूल पेटलेली असेल तर ती वाट लांबते. बाईच्या डोक्यात ‘मी प्रतिकार करतेय’ असा विचार असेलच असं नाही. ‘पोरं उपाशी कशी ठेवायची’ एवढाच असेल, किंवा ‘आज ह्यांना तोडलं तर उद्या येणं कसं वसूल होणार’ असा चोख धंद्याचाही असेल. तिन्ही एकाच वेळी असू शकतात. अर्थ तिच्या हेतूत शोधत बसलो तर हाती काही लागणार नाही. तिच्या आणि वाण्याच्या वहीत शोधला तर लागेल.

ह्या उधारीला मर्यादा होत्या, हेही त्याच गिरणगावात दिसलं. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या दत्ता सामंतांच्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. महिना-दोन महिने चूल संप ओढू शकते. वर्ष नाही. कामगार गावी गेले, गावच्या शेतीवर, भावाच्या घरी. खाणारेच गेल्यावर खानावळ कुणासाठी? नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या लोकांच्या आठवणी गोळा करून २००४ मध्ये जे पुस्तक केलं ते ह्या अंगाने वाचण्यासारखं आहे. त्यात पुढाऱ्यांइतकंच घरातलं बोलणं आहे. मौखिक इतिहास करायचा विचार असेल तर कार्यपद्धतीचं प्रकरण लिहिण्याआधी तो वाचाच.

गिरणगावात वाण्याची वही संप थोडा लांबवत होती. आता तोच वाणी गावात उलटा कसा वापरला गेला ते बघू, कारण ह्याने स्कॉटबद्दलची माझी दुसरी अडचण स्पष्ट होते.

मार्च १९२७ च्या महाड परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मेलेल्या जनावरांचं मांस सोडायला सांगितलं. त्या काळात गावोगावच्या महार वस्त्यांनी मेलेली ढोरं ओढणार नाही असं म्हणायला सुरुवात केली. कृती म्हणून बघितली तर केवढीशी: एक काम करायचं नाही. स्कॉटच्या यादीत ‘काम टाळणं’ आहेच की. पण सेदाकातली बाई ‘अंग दुखतंय’ म्हणू शकत होती. इथे तसं म्हणून भागत नव्हतं. मेलेलं ढोर तिसऱ्या दिवशीही तिथेच असतं, वास गावभर जातो, आणि नकार उघडा पडतो. तो उघडा पडावा हाच तर हेतू होता. लपवलेल्या नकाराने काम टळलं असतं, ते काम आपलं आहे ही समजूत टळली नसती.

आणि हा नकार एकट्या घराने देता येत नाही. एक घर जरी ओढायला गेलं तरी बाकीच्यांचा नकार मोडतो. म्हणजे कृती वैयक्तिक दिसते, पण ती वस्तीभर ठरवून टिकवावी लागते.

त्यावर गावाचं उत्तर काय होतं? बहिष्कार. रस्ता बंद, मजुरी बंद, आणि वाण्याने सामान देणं बंद. मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्टे समितीने १९३० च्या अहवालात हे नोंदवलंय, आणि आंबेडकर त्या समितीचे सदस्य होते. सामाजिक बहिष्कार हे किती परिणामकारक हत्यार आहे हे त्यांनी पुढे पुन्हा पुन्हा मांडलं. म्हणजे दुर्बलांची शस्त्रं असतात तशी सबळांचीही शांत, रोजची, रक्त न सांडणारी शस्त्रं असतात. मीठ-मिरची द्यायची नाही, बस्स. स्कॉटच्या पुस्तकात श्रीमंतांची अशी हत्यारं आहेत, पण जातीच्या गावात ती जशी एका रात्रीत सगळ्या दुकानांवर, सगळ्या वाटांवर एकदम लागू होतात तसं सेदाकात घडत नाही. म्हणून महाराष्ट्रातल्या गावावर काम करताना स्कॉटची चौकट जशीच्या तशी उचलू नका. तिथे कमी जोखमीच्या कृती हेच प्रतिकाराचं नेहमीचं रूप आहे. इथे दिसायला सगळ्यात साध्या कृतीची जोखीम सगळ्यात मोठी निघू शकते.

ह्यातूनच मदतीबद्दलही सावध व्हायला हवं. ‘पूर्वी गावात किती एकोपा होता, इर्जिक होती, सावड होती’ असं लिहिताना हात जरा आखडता घ्या. नांगरटीला शेजाऱ्यांनी बैल घेऊन जाणं, आज तुझ्या शेतात उद्या माझ्या, ही व्यवस्था सुंदर होती ह्यात शंका नाही. पण ती बैल आणि शेत असणाऱ्यांमधली होती. ज्याच्याकडे दोन्ही नाही तो त्या फेऱ्यात कुठे होता? आणि महार वतनाखाली जी कामं करावी लागत त्यांनाही ‘गावकी’ असंच गोड नाव होतं. कुणी कुणाला ‘नाही’ म्हणू शकत होतं, हे तपासल्याशिवाय सहकार्य हा शब्द लिहू नये असं मला वाटतं. ज्या मदतीला नकार देता येत नाही ती वेठ.

आता उलट बाजूचा एक दाखला, जिथे कृती खरोखर एकटीची आहे. बेबीताई कांबळे. फलटणला छोटं किराणा दुकान चालवणारी बाई. ‘जिणं आमुचं’ त्यांनी लपून लिहिलं, नवऱ्यापासून आणि घरच्यांपासून, आणि लिहिलेली वही वीसेक वर्षं लपवून ठेवली. इथे ना मोर्चा, ना गट. एका बाईने दुकानात गिऱ्हाईक नसताना लिहिलं आणि कागद दडवले. स्कॉटना हे नक्की आवडलं असतं.

पण लिहिलेलं कपाटावर राहिलं असतं तर आज आपण त्याच्याबद्दल बोलत नसतो. फलटणला राहून शिक्षणाचं काम करणाऱ्या मॅक्सिन बर्नसन यांनी ते लेखन बाहेर यावं म्हणून त्यांना बळ दिलं, ‘स्त्री’ मासिकाने ते क्रमशः छापलं, १९८६ मध्ये पुस्तक आलं, आणि बऱ्याच वर्षांनी माया पंडितांनी ते इंग्रजीत नेलं. लपवणं एकटीचं होतं, बाहेर येणं अनेकांचं. आणि गंमत अशी की त्या पुस्तकात बेबीताई स्वतःबद्दल फार थोडं बोलतात. ‘आम्ही’ हाच त्याचा कर्ता आहे, नावातच आहे. जी कृती आपल्याला वैयक्तिक म्हणून उचलाविशी वाटते तिच्या आत लिहिणारीने मुळात वस्ती भरून ठेवलीय. मग हे वैयक्तिक की सामुदायिक? मला वाटतं हा प्रश्नच गळून पडतो आणि उरते ती साखळी: कुणी लिहिलं, कुणी वाचलं, कुणी छापलं.

स्कॉटवरची गाजलेली टीका दोन ओळींत सांगते, कारण मुलाखतीत विचारतात. लीला अबू-लुघोद यांनी १९९० मध्ये एक लेख लिहिला, इजिप्तच्या वाळवंटातल्या अवलाद अली बदाउनी बायकांबद्दलचा. त्यांचं म्हणणं, प्रतिकार दिसला की आपण भाळतो. त्यापेक्षा त्यावरून तिथे सत्ता कशी चालते हे ओळखा. तरुण मुली घरातल्या वडीलधाऱ्यांना न जुमानता बाजारातल्या नव्या वस्तू घेतात, आणि एका जाळ्यातून सुटताना दुसऱ्यात अडकतात. शेरी ऑर्टनर यांनी १९९५ मध्ये आक्षेप घेतला की प्रतिकाराचे अभ्यासक दुर्बलांच्या आतलं राजकारण बघतच नाहीत. गरीब म्हणजे एकजिनसी, सद्गुणी गठ्ठा. आसेफ बयात तेहरान आणि कैरोमधल्या गरिबांवर लिहितात आणि विचारतात की वीज घेणं, फुटपाथ व्यापणं ह्याला प्रतिकार म्हणायचंच कशाला, लोक गाजावाजा न करता जागा मिळवत पुढे सरकताहेत असं म्हणा ना. तिघांचंही वाचा. ऑर्टनरचा मुद्दा मला सगळ्यात कामाचा वाटतो, आणि खानावळीच्या उदाहरणात तो चपखल बसतो: संपात कामगार दुर्बल होता, पण खानावळवालीसमोर तो पैसे थकवणारा पुरुषही होता.

आता ह्या सगळ्याचं तुम्ही फील्डवर काय करायचं?

‘तुम्ही अन्यायाला विरोध कसा केला?’ असा प्रश्न विचारू नका. समोरचा माणूस भाषण करेल किंवा ‘आम्ही कसला विरोध करणार ताई’ म्हणेल, दोन्हीचा उपयोग नाही. त्या आठवड्याबद्दल विचारा. कामावर गेला नाहीत त्या दिवशी घरात काय शिजलं? किराणा कुणाच्या नावावर आणला? पोरं कुणाकडे होती? पैसे कधी फिटले, फिटले का? मुकादमाला कुणी काय सांगितलं? शक्य असेल तर उधारीची वही, भिशीची वही, रेशनकार्डाच्या नोंदी बघा. लोक हेतूबद्दल बोलताना अडखळतात, हिशेबाबद्दल सहसा अडखळत नाहीत, आणि हिशेबातून नात्यांचा नकाशा आपोआप उभा राहतो. नंतर सरांनी विचारलं की हा आळस का नाही, तर तुम्ही सांगू शकता: कारण त्या तीन दिवसांसाठी चार घरांनी तांदूळ काढून दिला. एकाच्या आळसासाठी चार घरं तांदूळ देत नाहीत. (दिलाच असेल, तर तो तुमच्या प्रबंधाचा आणखी चांगला विषय आहे.)

हे विचारताना मिळणारी उत्तरं नेहमी गोड नसतात. जिने मदत केली तीच सगळ्यात जास्त बुडाली, असं वारंवार निघतं. खानावळवालीचं तेच झालं. ते लिहा. प्रतिकाराची गोष्ट छान दिसावी म्हणून तिचं व्याज प्रकरणातून गाळू नका.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट, जिच्याबद्दल कार्यपद्धतीच्या पुस्तकांत फार कमी असतं. लपवलेला प्रतिकार लपलेला आहे म्हणून चालतो. आपण तो शोधतो, लिहितो, छापतो. प्रबंध शोधगंगेवर जातो, तिथे तो कुणालाही वाचता येतो, मालकालाही. स्कॉटनी गावाचं आणि माणसांची नावं बदलली. पण आपल्याकडे तालुका, पीक आणि साल लिहिलं की गाव ओळखणं अवघड नसतं, आणि मुकादम तर एकच असतो. नाव बदलून माणूस लपतो. युक्ती लपत नाही.

माझं काम घरकाम करणाऱ्या बायकांच्या भिशीवर आहे. महिन्याच्या ठरावीक दिवशी सुट्टी मिळवण्याची त्यांची एक पद्धत आहे, चार जणींनी मिळून बसवलेली, आणि मी ऐकलेल्यांपैकी ती सगळ्यात हुशार आहे. माझ्या गाइडना ती माहीत आहे, प्रबंधात ती आली तर तिसरं प्रकरण चमकेल हेही आम्हा दोघींना माहीत आहे. ती प्रबंधात नाही. त्या जागी भिशीचा हिशेब आहे, साडेतीन पानं, आणि तो त्यांनी स्वतः तपासून दिलेला आहे. एका ठिकाणी माझी बेरीज पन्नास रुपयांनी कमी होती, ती त्यांनी दुरुस्त केली.

स्कॉटचं पुस्तक हातात घेणार असाल तर पहिल्यापासून वाचायचा हट्ट नको. दुसरं प्रकरण, मग थेट सातवं, मग पहिलं. आकडेवारीचं चौथं गाइडने विचारलं तर. सातव्यात लावणीच्या बायकांचं पान आलं की पेन्सिल घेऊन समासात लिहा: ह्यांच्या घरी त्या आठवड्यात तांदूळ किती होता?